मुका बिघाड

भारतातून परत येताना आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या बॅगेत मेतकूट आणि भाजणीच्या जोडीला कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असतोच. कुकर लग्नात मिळालेला, वीस वर्षांचा, पण टाकवत नाही. इकडच्या दुकानात त्याचे भाग मिळत नाहीत. मग पुण्याला फोन करून "नंबर नीट बघून घे गं" असं बजावायचं. आमचा नोकरीतला उद्योग साधारण हाच आहे, फक्त आमचा कुकर जरा मोठा असतो.

रिफायनरी, रसायनांचे कारखाने, तेलाच्या साठवण टाक्या अशा ठिकाणी दोन यंत्रणा असतात. एक रोजचा कारभार बघते. दुसरी नुसता पहारा देते; दाब, तापमान किंवा पातळी हद्दीबाहेर गेली की व्हॉल्व्ह बंद करून सगळं थांबवायचं, एवढंच तिचं काम. ब्रिटनमधल्या काही कारखान्यांत हा पहारेकरी अजूनही १९८० किंवा ९० च्या दशकातला आहे. नवा बसवायचा तर खर्च प्रचंड आणि कारखाना कित्येक आठवडे बंद. म्हणून जुनाच सांभाळायचा. पण त्याच्या कार्डांवरच्या चिप्स बनणं केव्हाच थांबलंय, आणि प्रोग्राम लिहिणारी माणसं निवृत्त होऊन बागकाम करताहेत.

मग भाग मिळवायचे कुठून? मूळ कंपनीकडे उरलेला साठा असेल तर उत्तम. काही कंपन्या रीतसर परवाना घेऊन जुन्या चिप्स पुन्हा बनवतात. बंद पडलेल्या कारखान्यातली कार्डं काढून आणता येतात. आणि सगळ्यात शेवटी व्यापारी.

कॉलेजात असताना आम्ही बुधवार पेठेत नाहीतर लॅमिंग्टन रोडवर जायचो. दुकानदार खणातून चिप काढून द्यायचा. ती बसवली आणि रेडिओ वाजला की माल चांगला! इथे हा हिशेब चालत नाही. रेडिओ बिघडला तर लगेच कळतं. पहारेकरी मात्र दोन तऱ्हांनी बिघडतो. एक बोलका बिघाड: कारण नसताना कारखाना थांबतो, मॅनेजर चिडतात, पण कुणाला इजा होत नाही. दुसरा मुका: सगळे दिवे हिरवे, आणि वेळ आली की हा हलतच नाही. खरी भीती त्याची.

म्हणून भाग हातात आल्यावरच खरं काम सुरू होतं. जुन्या भंगार बोर्डांवरच्या चिप्स तापवून काढायच्या, वरचा थर घासायचा आणि नवा नंबर छापायचा, असा धंदा जगभर चालतो. एकदा एका व्यापाऱ्याकडून आलेल्या चिपवर आम्ही ॲसिटोनचा बोळा फिरवला तर नंबर बोळ्यावर उतरला! तरबेज नकलेला तेही पुरत नाही. मग एक्स-रे काढून आतली रचना अस्सल चिपशी ताडून बघावी लागते. भाग अस्सल असला तरी वय लपत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नुसता कपाटात पडूनही म्हातारा होतो, म्हणून वीस वर्षं सीलबंद राहिलेलं कार्ड 'नवंकोरं' नसतं. जुन्या मेमरी चिपमधला प्रोग्रामही वर्षानुवर्षांत पुसट होऊ शकतो. तो आधी वाचून मूळ प्रतीशी जुळवायचा, मग कार्ड काही दिवस उष्ण पेटीत चालवायचं. शेवटची परीक्षा जागेवर: सेन्सरपाशी खोटा दाब किंवा पातळी निर्माण करायची आणि पलीकडचा व्हॉल्व्ह खरोखर मिटतो का ते डोळ्यांनी बघायचं. नुसता दिवा लागला म्हणून कागदावर बरोबरची खूण करायची नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. लंडनच्या वायव्येला राहणाऱ्यांना ११ डिसेंबर २००५ ची रविवारची पहाट आठवत असेल. हेमेल हेम्पस्टेडजवळ बन्सफील्डच्या तेलसाठ्यात ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरत होतं. रात्री तीनच्या सुमारास पातळी दाखवणारं गेज अडकलं. ऑगस्टअखेरपासून ते १४ वेळा अडकलं होतं. टाकी भरत राहिली. आता भिस्त होती ती वरच्या स्वतंत्र स्विचवर. तो मुका राहिला. पेट्रोल वरून सांडू लागलं, त्याच्या वाफेचा ढग पसरला आणि ६ वाजून १ मिनिटाला स्फोट झाला. ४३ माणसं जखमी झाली. रविवार नसता तर आसपासच्या कचेऱ्या भरलेल्या असत्या. मृत्यू एकही झाला नाही हे नशीब.

आणि तो स्विच जुना नव्हता बरं का! जुलै २००४ मध्ये नवा बसवलेला. तपासणीसाठी त्याला एक दांडा होता आणि तो कामाच्या स्थितीत टिकावा म्हणून कुलूप लावायचं होतं. बसवणाऱ्यांना वाटलं, कुलूप म्हणजे कुणी हात लावू नये म्हणून. बनवणाऱ्यांनीही पुरेसं स्पष्ट सांगितलं नव्हतं. कुलूप लागलं नाही. २०१० मध्ये पाच कंपन्यांना दंड आणि खर्च मिळून सुमारे ९५ लाख पौंडांचा भुर्दंड बसला.

आमच्या धंद्याचं सार यातच आलं. भाग विकत मिळतो, पण तो कसा वागतो ही माहिती आपोआप बरोबर येत नाही. ती विचारून घ्यावी लागते, लिहून ठेवावी लागते आणि पुढच्या माणसाला सांगावी लागते.

घरातही असे मुके पहारेकरी आहेत. धुराच्या अलार्मचं आयुष्य साधारण दहा वर्षं. बॉयलरजवळच्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मवरचं बटण सहसा बॅटरी आणि भोंगा तपासतं, आतला सेन्सर नाही. तो मुदत संपली की गपचूप निकामी होऊ शकतो. मुदतीची तारीख अलार्मच्या पाठीमागे किंवा बाजूला छापलेली असते. या शनिवारी शिडी काढा आणि ती वाचा. उलटून गेली असेल तर नवा आणा, आणि बरोबरचा कागद वाचल्याशिवाय टाकू नका.

पुढच्या अंकात भेटूच.