फोन कोणाचे काढून घ्यायचे?

धर्मग्राम मंडळाच्या मागील बैठकीत एक ठराव मांडला गेला. रविवारच्या युवा-मेळाव्यास येणाऱ्या मुलामुलींनी आपले मोबाइल दाराशीच एका टोपलीत ठेवावेत, आणि पालकांनी घरीही रात्री नऊनंतर हाच नियम लावावा, असा तो ठराव. बहुतेकांनी माना डोलावल्या. एक ज्येष्ठ गृहस्थ कळवळून म्हणाले, "फादर, पोट्टे दिवसभर त्याच्यातच डोकं खुपसून राह्यतात. अभ्यास गेला, प्रार्थना गेली." त्यांचे बोलणे संपते न संपते तोच त्यांच्या खिशातील फोन वाजला आणि त्यांनी तो काढून वाचला, हे येथे नमूद करणे आम्हास भाग आहे.

त्या ठरावास आमचा विरोध आहे. का, ते सांगतो.

आमच्या धर्मग्रामातील एक कन्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. शिष्यवृत्तीचा अर्ज तिने भरला तो फोनवर, परीक्षेचे वेळापत्रक तिला मिळते ते फोनवर, वाचनालयात नसलेले शोधनिबंधही ती त्यावरच वाचते. घरी संगणक नाही. तिचा फोन टोपलीत टाकणे म्हणजे दप्तर, टपालपेटी आणि ग्रंथालय एकदम टोपलीत टाकणे होय. २०२० साली टाळेबंदीत वर्ग बंद पडले, तेव्हा ह्याच पालकांनी कर्ज काढून मुलांच्या हाती हे यंत्र दिले होते. चार-पाच वर्षांत ते सैतानाचे हत्यार कसे झाले?

रात्री एक-एक वाजेपर्यंत ती चलत्चित्रांचे तुकडे पाहत बसते, हेही खरे. तिनेच ते आम्हास सांगितले. पुण्याला नोकरीस लागलेल्या मैत्रिणींची हसरी छायाचित्रे पाहून आपण मागे पडलो असे तिला वाटते, झोप उडते, सकाळी डोके जड होते. हा रोग आहे, आणि आम्ही तो लहान मानीत नाही. पण ह्या रोगावर टोपली हे औषध नव्हे. (आता तर प्रवचनांतून संत कार्लो अक्युतीसची छडी उगारली जाते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद लाभलेला हा मुलगा २००६ साली पंधराव्या वर्षी वारला. तो संगणकावर काम करीत असे, हे उगारणारे सोयीस्करपणे विसरतात.)

वाचकहो, ह्या यंत्राने खरा अनर्थ घडविला तो कोठे, ते पाहू. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यास, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना मुले पळविणारे समजून जमावाने ठेचून मारले. अफवा फोनवरून फिरत होती. आमच्या अमरावतीत १२ आणि १३ नोव्हेंबर २०२१ रोजी काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे: दुकाने फुटली, संचारबंदी लागली, इंटरनेट काही दिवस बंद राहिले. जून २०२२ मध्ये ह्याच शहरात एका औषधविक्रेत्याचा खून झाला, आणि त्याचे मूळ फोनवर पुढे पाठविलेल्या मजकुरात असल्याचे तपासात पुढे आले. १३ मे २०२३ रोजी अकोल्यात समाजमाध्यमावरील मजकुरावरून दंगल झाली, त्यात एकाचा जीव गेला. हे सारे केवळ विशीतल्या पोरांनी केले, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? आमचे बोट तर आमच्याकडेच वळते. २०२१ च्या त्या दिवसांत जळालेल्या प्रार्थनास्थळाचे एक छायाचित्र आम्हास आले आणि आम्ही ते तिघांना पाठविले. धर्मगुरूने पाठविले म्हणजे खरेच असणार, असे त्या तिघांनी मानले. ते छायाचित्र दुसऱ्याच गावचे आणि कितीतरी वर्षे जुने होते. हे आम्हास कोणी दाखवून दिले? एका महाविद्यालयीन मुलाने.

खोट्याची झळ विद्यार्थ्यांनाच आधी लागते. १८ जून २०२४ रोजी प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा झाली. नऊ लाखांहून अधिक उमेदवार बसले होते. दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. पेपर फुटल्याचा पुरावा म्हणून जे चित्र टेलिग्रामवर फिरले होते, ते परीक्षेनंतर तयार केलेले बनावट असल्याचे पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात आढळले. तोवर ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षेला बसण्याची तयारी लाखोंनी सुरू केली होती.

ज्या संताचे नाव आमच्या विद्यापीठाने धारण केले आहे, तो कीर्तनात श्रोत्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारी. आमच्या घरोघरच्या समूहांत मात्र प्रश्न विचारणारा उद्धट ठरतो. त्या कन्येने सांगितलेली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. तिच्या कुटुंबाच्या समूहात वडील दिवसाकाठी वीस-पंचवीस संदेश टाकतात: सुप्रभात, संतांची चित्रे, घरगुती औषधे, अमुक देशात ख्रिस्ती लोकांवर काय झाले ते. एकदा त्यांनी कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा रामबाण उपाय टाकला. तिने लिहिले, "बाबा, हे चूक आहे." बाबांनी उत्तर दिले नाही. आत्याने मात्र लिहिले की शिकल्यावर मुली उलट बोलू लागतात.

आता ऐका. तिच्या प्रबंधाचा विषयच गुलाबी बोंडअळी आहे. २०१७ साली विदर्भात ह्या अळीने बीटी कपाशी पोखरून टाकली, त्यात तिच्या वडिलांचे शेतही गेले. म्हणून तिने हा विषय निवडला. शेतात कामगंध सापळे लावून रोज सकाळी अडकलेले पतंग मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले, तर उपाययोजनेची वेळ आली असे समजायचे. ती ही मोजणी फोनमध्येच नोंदविते. दोन वर्षे ती हे करीत आहे, आणि विषय कोणता, हे वडिलांनी तिला एकदाही विचारलेले नाही.

ते आम्हास तेव्हा कळले, जेव्हा तेच वडील तक्रार घेऊन आमच्याकडे आले. मुलगी सकाळी सकाळी फोन घेऊन धुऱ्यावर उभी राहते, म्हणाले. आम्ही त्यांना काहीच सांगितले नाही. ती काय करते ते तिलाच जाऊन विचारा, एवढेच म्हटले. पुढच्या रविवारी मिस्सानंतर ते मागे थांबले. "फादर, काल सापळ्यात सहा होते," म्हणाले, आणि थोडा वेळ टोपी हातात फिरवीत उभे राहिले.

ठराव पुढच्या बैठकीत पुन्हा येणार आहे. टोपली ठेवायचीच असेल, तर ती मंडळाच्या बैठकीच्या दाराशी ठेवावी आणि पहिला फोन आमचा घ्यावा, अशी उपसूचना आम्ही मांडणार आहोत.