शेंदरी शेपटीचा पाहुणा

उचगावात आमचा पुतण्या बेळगावहून बोटभर रेडटेल कॅटफिश घेऊन आला. मी एवढंच विचारलं, ‘बाबा, ह्याला ठेवणार कुठं?’ काळी पाठ, पांढरी कूस, शेंदरी शेपूट. देखणा आहे, नाही कोण म्हणतं? पण ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यातला हा मासा 4 फुटांपर्यंत वाढतो, वजन 50 किलोच्या पुढं जाऊ शकतं. ‘टाकी लहान असली की मासाही लहानच राहतो’ हे दुकानातलं बोलणं सरळ खोटं. खुरटतो तो घाण पाण्यानं आणि कोंडमाऱ्यानं.

हौसच असेल तर तळं बांधा: हजारो लिटर पाणी, 24 ते 28 अंश तापमान, दणकट फिल्टर. तोंडात मावेल ते हा गिळतो, सोबतचे मासे, खडेसुद्धा. मोठ्या माशाला आठवड्यातून एक-दोनदा मासळी-कोळंबी पुरते. मटणाची चरबी नको. आणि आमच्याकडं थंडीत लाइट गेली की हीटर कसला नि काय!

मग डोईजड झाला की लोक आमच्या मार्कंडेय नदीकडं बघतात. सोडलं, पुण्य लागलं म्हणे! मार्कंडेय घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला; म्हणजे इथं सोडलेल्या माशाला पुढची वाट मोकळीच. केरळात 2018 च्या पुरानंतर चालकुडी नदीत ॲमेझॉनचाच अरापैमा मासा जाळ्यात आला होता. आफ्रिकन मांगूर ह्या अशाच परक्या माशाच्या पैदाशीवर केंद्रानं 2000 साली बंदी घातली, ती उगीच नव्हे.

माझं म्हणणं साधं आहे. दुकानातल्या टाकीवर पूर्ण वाढीची लांबी लिहिणं सक्तीचं करा, आणि वाढलेला मासा परत घ्यायची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका. गिऱ्हाईक पळेल म्हणता? पळू दे की.