न मिळालेले देयक

'देयक' हा शब्द विद्यार्थिमित्रांनी एकदा उकलून पाहावा. 'दा' धातूपासून सिद्ध झालेले 'देय' म्हणजे जे दिले पाहिजे ते. त्याला 'क' जोडला गेला आणि देण्याचे कर्तव्य व ते कळविणारा कागद यांची नावे जवळजवळ एकच झाली. मग कागद हाती आलाच नाही, तर कर्तव्याचे काय?

विजेचे उदाहरण घेऊ. वीज वापरली, देयक आले नाही, आणि काही महिन्यांनी विलंब आकारासह थकबाकी दारात उभी राहिली. ग्राहक म्हणतो, 'मला बिल मिळालेच नाही.' कार्यालय म्हणते, 'बिल पाठविण्यात आले आहे.' दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, म्हणूनच भांडण मिटत नाही. 'मिळणे' या क्रियापदाला घेणारा लागतो; 'ग्राहकाला' म्हटल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही. 'पाठविण्यात आले' या रचनेत मात्र घेणाराही नाही आणि पाठविणाराही नाही. कोणी, कधी, कोणाच्या हाती? शासकीय मराठीला ही रचना इतकी प्रिय का, हे येथे कळते.

देयक मिळाले नाही म्हणून वापरलेल्या विजेचे पैसे बुडवावेत, असे मी म्हणणार नाही. वाण्याची चिठ्ठी हरवली म्हणून नेलेली साखर फुकट ठरत नाही. दरमहा येणारे बिल आले नाही, तर चौकशी करणे हेही ग्राहकाचे कामच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अजमेरच्या वीज वितरण निगमाच्या प्रकरणात हा भेद नेमका मांडला: दायित्व वीज वापरताच निर्माण होते, पण रक्कम भरण्याचे बंधन देयक काढल्यावर येते. म्हणजे न्यायालयाची भाषाही 'काढले' येथवर येते. 'मिळाले' येथवर नाही.

माझा आक्षेप आहे तो विलंब आकाराला. विलंब कोणाचा? मीटर अजून आजोबांच्या नावावर, नोंदलेला मोबाइल क्रमांक जुन्या घरमालकाचा, वस्तीत घरांना क्रमांकच नाहीत आणि बिलांचा गठ्ठा कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवलेला! अशा घरातील माणसाने 'मिळाले नाही' हे सिद्ध तरी कसे करावे? न घडलेल्या गोष्टीचा पुरावा नसतो. पोहोचविल्याची नोंद मात्र ठेवता येते. ती ज्याने ठेवायची, त्यानेच ती दाखवावी, आणि दाखवता येत नसेल तर दंड मागू नये. वीज तोडण्यापूर्वी 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी, असे विद्युत अधिनियम, 2003 चे कलम 56 सांगते. तोडण्याबाबत जी काळजी कायदा घेतो, ती दंडाबाबत का नसावी?

व्यावहारिक मराठीच्या घटकात आपण तक्रार अर्ज लिहिणार आहात. तेथे 'बिल मिळाले नाही, तरी कृपया सहकार्य करावे' एवढेच लिहून थांबू नका. वापराची रक्कम भरण्याची तयारी आधी कळवा आणि मग विचारा: बिल कोणत्या दिनांकास, कोणामार्फत, कोणत्या पत्त्यावर दिले? या प्रश्नाला 'देण्यात आले' हे उत्तर पुरत नाही.