सूत्रधारा, पडदा उघड आणि बाजूला हो!

दिवाळी अंकात भांडण उकरून काढू नये, असे आमच्या घरच्यांचे मत आहे. फराळाचे ताट पुढ्यात असताना वाद कुणाला हवा? पण वाचकहो, हा वाद खेळाचा आहे. सुटीत तुमच्याही ओसरीवर पोरांचा अड्डा जमणारच. तेव्हा हे भांडण आजच उरकून घेतलेले बरे.

खेळ असा. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक सूत्रधार होतो, बाकीचे एकेक सोंग घेतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो आणि विचारतो, "आता तू काय करशील?" गडी उत्तर देतो. जमेल की नाही अशी शंका असेल तेथे फासा टाकायचा आणि पडेल ते दान मानायचे. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तो याच जातीचा. आपल्याला यात फारसे नवल वाटू नये. कोकणातल्या दशावताराला तरी लिहिलेली संहिता कुठे असते? आख्यान ठरते, सोंगे वाटली जातात, आणि मग बोलायचे ते ज्याचे त्याने.

आता भांडणाचा मुद्दा. काही सूत्रधार म्हणतात, "गोष्ट रंगायची तर ती एकाच्या मुठीत हवी. पोरांच्या हाती दिली की तिचा चिवडा होतो." हे मत मला चांगले ठाऊक आहे, कारण परवापरवापर्यंत ते माझेच होते. मी मास्तर, त्यात कादंबऱ्या लिहिणारा. म्हणजे दुहेरी खोड! मास्तराला उत्तर आधी ठाऊक असते आणि कादंबरीकाराला शेवट.

आमचे छत्रपती संभाजीनगर म्हणजे देवगिरीच्या सावलीतले गाव. गड पंधरा-सोळा किलोमीटरवर. त्यामुळे मे महिन्याच्या सुटीत मी खेळ मांडला तो देवगिरीचाच. साल १२९६. अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला आहे, रामदेवराव गडावर अडकला आहे, राजपुत्र शंकरदेव फौजेसह बाहेर आहे. फरिश्ता हा इतिहासकार लिहितो, की बापाने तहाचे ठरवून मुलाला 'लढू नकोस' असा निरोप धाडला; मुलाने तो मानला नाही. लढाईचे पारडे त्याच्याकडे झुकलेही होते. तेवढ्यात शत्रूची मागे ठेवलेली तुकडी धूळ उडवीत आली, ती दिल्लीची मोठी फौज वाटली आणि यादवांचा धीर सुटला. पुढे गडावरची पोती उघडली, तर धान्याऐवजी मीठ!

ते मीठ मी शेवटच्या धक्क्यासाठी राखून ठेवले होते.

शंकरदेव झाली होती आमच्या गल्लीतली एक सातवीतली मुलगी. निरोप ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी आज लढत नाही. आधी रात्री गडावर हेर पाठवते आणि कोठारात दाणा किती आहे ते विचारते."

वाचकहो, लाखातला प्रश्न! आणि मी काय केले? म्हटले, "हेर परत आलाच नाही." फासासुद्धा टाकू दिला नाही. लगेच पुढचा प्रवेश उघडला, "रणात धूळ उठली आहे. तू घोड्यावर आहेस, तलवार उपसलेली—"

तिने फासे माझ्यापुढे सरकवले. "सर, मी निघालेच नव्हते. तुम्हाला मला लढायलाच लावायचं होतं, तर विचारलंत कशाला?"

पुढचे दोन रविवार ती आली नाही.

चूक कुठे झाली? प्रवेश कापण्यात झाली नाही. कापावे तर लागतेच. छावणीपासून गडापर्यंतची प्रत्येक पायवाट खेळत बसलो तर पोरे जांभया देतील. नुसते "करा काय करायचे ते" म्हणून मोकळे सोडले, तरी ती एकमेकांची तोंडे पाहतात. सूत्रधाराने स्थळ सांगावे, कोण समोर आहे ते सांगावे, कशाची घाई आहे ते सांगावे, आणि पेच पडतो नेमक्या तेथे थांबावे. हे त्याचे कसब. पण मी कापला तो रस्ता नव्हता, तिचा निर्णय होता. रस्ता खुशाल कापा. निर्णय कापू नका. तसेच दोन दारे दाखवून दोन्हींमागे एकच खोली ठेवणे हीदेखील लबाडीच. ती आज कळत नाही, पण कळते त्या दिवशी पोराचा विचार करण्यावरचाच विश्वास उडतो.

"पण मग इतिहास बदलतो की!" अशी तक्रार येईल. अहो, इतिहास पुस्तकात शाबूत आहे आणि गड जागेवर आहे. खेळ संपल्यावर खरे काय घडले ते सांगायचेच. पण त्या दिवशी शंकरदेवाला शेवट ठाऊक नव्हता, हे पाठांतराने कुणाला कळले आहे काय?

मी तिच्या घरी गेलो, चुकलो म्हणालो, आणि तोच प्रवेश पुन्हा मांडला. या खेपेला फासा तिच्या हातात. हेर परतला. मीठ! माझा राखून ठेवलेला धक्का पहिल्या तासातच फुटला. पुढे तहाला मान तुकवायची की बाहेरून रसद पोहोचवायची, यावर पोरे दिवेलागणीपर्यंत भांडली. एक गडी तर रागावून अर्ध्यावर उठला आणि पाणी पिऊन परत आला. इतका रंगलेला इतिहासाचा तास मी वर्गात कधी घेतलेला नाही.

तेव्हा या दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहील, त्याच्या पायथ्याशी एक मावळा ठेवा. समोर शत्रू, मागे खंदक, हातात बापाचा निरोप. पोराला विचारा, "आता काय करशील?" आणि मग, कितीही जड गेले तरी, चकली तोंडात घालून गप्प बसा.