नाव ठेवायचं कुठे?

नगरी माणूस बोलताना गावाला नुसतं 'नगर' म्हणतो. त्यामुळे जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं तरी गप्पांत फारसं अडलं नाही. अडलं ते वेबसाइट बनवणाऱ्यांचं! तसा वेळ भरपूर होता. घोषणा चौंडीत ३१ मे २०२३ ला झाली, राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मार्च २०२४ मध्ये आणि राजपत्र त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. तरी सावेडीत साइट्स बनवणारा माझा एक मित्र तेव्हा रात्र रात्र जागत होता. क्लासेस, दुकानं, पतसंस्था असे त्याचे क्लायंट. आणि जिल्ह्याचं नाव हेडरमध्ये, फुटरमध्ये, पावतीवर, ड्रॉपडाउनमध्ये, जिथे तिथे हाताने टाइप केलेलं. याला म्हणतात हार्डकोडिंग.

"फाइंड-रिप्लेस मार ना, हाय काय नाय काय!" मी म्हटलं.

"मार की. मग अहमदनगर कॉलेजचं काय करू?"

पॉइंट होता. १९४७ सालच्या त्या कॉलेजचं नाव जिल्ह्याच्या राजपत्राने थोडंच बदलतं? २०२४ ची लोकसभा निवडणूकही अहमदनगर मतदारसंघातच झाली. रेल्वे स्टेशनचं नाव बदललं ते सप्टेंबर २०२५ मध्ये, जिल्ह्यानंतर जवळजवळ वर्षाने. म्हणजे दिसायला एकच शब्द, पण आत चार वेगवेगळ्या गोष्टी. वर इंग्रजी स्पेलिंगची गंमत आहेच. मधे कुठे 'ई', तर जनगणनेच्या यादीत 'ए'!

मग असं सगळ्या पानांना लागणारं सामान ठेवायचं कुठे? फंडा सोपा आहे. ते कोण बदलणार आणि कधी, एवढं आधी विचारायचं. जे सहसा बदलतच नाही, ते बिनधास्त कोडमध्ये एका कॉमन फाइलीत टाका. डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड मशीनगणिक बदलतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर एक, खऱ्या सर्व्हरवर दुसरा. त्यांची जागा कोडबाहेर, सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये. २०११ च्या सुमारास हेरोकू कंपनीच्या मंडळींनी 'ट्वेल्व्ह-फॅक्टर अॅप' नावाचे जे नियम मांडले, त्यातला हा एक. पासवर्ड कॉन्फिग फाइलीत लिहून ती फाइल कोडबरोबर गिटवर चढवणारे महाभाग आजही भेटतात. किल्ली दारालाच लटकवायची तर कुलूप घेता कशाला?

जिल्ह्याचं नाव मात्र प्रोग्रामर बदलत नाही, सरकार बदलतं. ते एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवलं तर एका शब्दासाठी अॅप रीस्टार्ट करा. म्हणून ते डेटाबेसच्या टेबलात हवं, म्हणजे ऑफिसातली ताईसुद्धा अॅडमिनच्या पानावरून बदलू शकेल. दर क्लिकला टेबल उघडायला नको म्हणून ते कॅशमध्ये ठेवतात. पण बदल झाला की कॅश रिकामी करायची! नाहीतर दोन सर्व्हर असले की एक म्हणतो अहमदनगर आणि दुसरा अहिल्यानगर.

एवढ्यानेही भागत नाही. २०१९ मध्ये छापलेल्या पावतीची कॉपी आज काढली, तर तिच्यावर जुनंच नाव यायला हवं. दाखल्यावर अहमदनगर, फॉर्मच्या यादीत अहिल्यानगर, आणि सॉफ्टवेअर दोन्ही शब्द जुळवत बसलं तर बिचाऱ्या पोराचा अॅडमिशनचा अर्ज अडकणार. त्याला कुठे माहीत आत काय चाललंय! म्हणून जुळणी नावावर करायचीच नाही, कोडवर करायची. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा कोड ५२२ होता. तसा एखादा पक्का नंबर धरायचा. गाडीचा नंबर चालणार नाही हं, कारण नगरच्या आरटीओचा एमएच-१६ आणि श्रीरामपूरचा एमएच-१७, जिल्हा मात्र एकच.

मित्राने शेवटी तसंच टेबल केलं. कोड, नाव, कधीपासून, कधीपर्यंत. जिल्ह्याला दोन ओळी, स्टेशनला दोन, कॉलेजला एक. त्यात औरंगाबाद आणि उस्मानाबादसाठीही ओळी घातल्या, कारण ती दोन्ही नावं २०२३ मध्येच बदलली होती आणि त्याचा एक क्लायंट तिकडेही माल पाठवतो. 'कधीपर्यंत'चा रकाना सध्याच्या नावांपुढे रिकामा आहे.