पुढे पाठवलेला सल्ला

पहाटे उठावे, साखर कमी करावी, राग आवरावा, रोज दहा पाने वाचावीत, अशा सूचना आज व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक गटांतून उजाडण्यापूर्वीच घरोघरी पोहोचतात, आणि एकेकाळी शाळेच्या फळ्यावर दिवसाला एक याप्रमाणे लिहिला जाणारा सुविचार आता डझनांनी येतो. तो पुढे पाठवणाऱ्यांची दिनचर्या मात्र बहुधा पूर्वीसारखीच चालू राहते. या अंतराला दांभिकपणा म्हणून मोकळे होणे सोपे असले, तरी ते अन्यायाचे आहे. कारण न पटलेली गोष्ट पटल्याचा आव आणणे म्हणजे दंभ, आणि येथे तर सल्ला मनापासून पटलेला असूनही आचरणात उतरत नाही.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या संदर्भात विचार करायला लावणारे आहेत. उत्तम कायदेतज्ज्ञ होण्यासाठी अधिक अभ्यास करण्यासारखे संकल्प विद्यार्थ्यांनी लिहून दिले. काहींच्या संकल्पांची दुसऱ्या व्यक्तीने दखल घेतली, काहींच्या घेतली नाही. ज्यांची दखल घेतली गेली त्यांनी प्रत्यक्ष काम कमी केले, आणि ज्यांना ती ओळख खरोखर हवी होती त्यांच्यातच हा परिणाम दिसला. या विचारामागील संकल्पनेला ‘प्रतीकात्मक आत्मपूर्ती’ म्हणता येईल: माणसाला जे व्हायचे असते त्याची बाह्य चिन्हे मिळाली, की ते होण्याची निकड तेवढ्यापुरती शमते. पाठवलेल्या सुविचाराखाली उमटणारे जोडलेले हात आणि अंगठे हे अशाच चिन्हांत मोडतात, असे मानण्यास जागा आहे.

तथापि सल्ला देणे हेच मुळात घातक आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. लॉरेन एस्क्रिस-विंकलर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील सुमारे दोन हजार शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लहान विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाविषयी सल्ला लिहिणाऱ्यांचे स्वतःचे गुण किंचित सुधारले. त्या विद्यार्थ्यांना आपल्या अनुभवातून काहीतरी शोधून काढून शब्दांत मांडावे लागले होते. तयार मजकूर पुढे ढकलणाऱ्याला एवढा शोधही करावा लागत नाही, आणि खरा भेद बहुधा येथेच आहे.

महाराष्ट्राला संकल्पाच्या जाहीर उच्चाराची एक जुनी आणि समर्थ रीत ठाऊक आहे. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ गळ्यात घालणारा माणूस मद्य-मांस सोडण्याचे, एकादशी पाळण्याचे आणि पंढरीची वारी करण्याचे नियम स्वीकारतो, आणि माळ उघड दिसत असल्याने ते साऱ्या गावाला कळते. दखल येथेही घेतली जाते; पण ती घेणारे लोक त्या माळकऱ्याचे ताट, त्याची बोली आणि बाजारातला त्याचा व्यवहार रोज पाहत असतात, त्यामुळे माळ घालताच मान मिळाला तरी तो टिकवण्यासाठी नियम पाळावाच लागतो. पडद्यावरील गटाला सदस्याचा संदेश दिसतो. त्याचे ताट दिसत नाही.

आणखी एक अडचण विपुलतेची आहे, आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा मागोवा घेऊन २०१० मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, एखादी साधी कृती विनासायास घडू लागण्यास माणसागणिक १८ ते २५४ दिवस लागू शकतात, आणि मधला एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही. सवयीला महिनोन्‌महिने तीच लहान कृती त्याच वेळी हवी असते. रोज येणारा नवा सुविचार मात्र कालच्या सुविचाराला मुरू देत नाही.

प्रस्तुत अंकासाठी लेखन निवडताना हा विचार समोर होता. आरोग्य, वाचन आणि व्यसनमुक्ती या विषयांवर ज्यांनी लिहिले आहे, ते त्या त्या गोष्टी अनेक वर्षे करत आलेले आहेत. आणि काय साधले याबरोबरच काय सुटले, कोणत्या कारणाने सुटले आणि ते पुन्हा कसे हाती धरले, हेही त्यांनी सविस्तर लिहावे, असा आग्रह त्यांच्याकडे धरण्यात आला.