जुन्या मोटारीत हॅम रेडिओ

दोस्तांनो, नाशकात गोदेला पूर आला की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? २ ऑगस्ट २०१६ ला असाच मोठा पूर आला होता. अशा वेळी वीज गेली आणि मोबाईलचे टॉवर बंद पडले, तर निरोप कसा धाडायचा? तिथे कामी येतो हॅम रेडिओ. २००१ च्या भूकंपात भुजला आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानला हॅम मंडळींनीच निरोप पोचवले. असा संच मोटारीत असला, तर केंद्रच चाकांवर फिरू लागतं!

आता गंमत बघा. समजा, कुणाकडे १९५० च्या सुमाराची एमजी टीडी आहे. दोन माणसांची, कापडी टपाची, देखणी स्पोर्ट्‌स कार. तिच्यात आजचा संच बसवायचाय. सोपं वाटतं ना? थांबा!

आजच्या मोटारीत बॅटरीचं ऋण टोक पत्र्याला जोडलेलं असतं. या गाडीत मात्र धन टोक! आणि संचाची धातूची पेटी आतून ऋण टोकाला जोडलेली. गाडीच्याच बॅटरीवर संच जोडला आणि पेटी पत्र्याला टेकली, की झालंच शॉर्ट सर्किट. बरं, पेटीखाली रबर घातलं, तरी एरियलच्या केबलची बाहेरची जाळी पत्र्याला टेकतेच. म्हणजे पुन्हा तेच!

मग युक्ती काय? संचाला १२ व्होल्टची वेगळी बॅटरी द्यायची. तिचं कुठलंच टोक गाडीच्या बॅटरीला जोडायचं नाही. बॅटरीजवळच फ्यूज घालायचा आणि ती पट्ट्याने घट्ट बांधायची. ५० वॉटचा संच बोलताना साधारण १० अँपिअर करंट ओढतो. म्हणजे २० अँपिअर-अवरची बॅटरी सतत बोललात तर हिशेबाने दोन तासांत संपेल. ऐकायला मात्र फारच थोडा करंट लागतो. म्हणून हॅम मंडळी बोलतात कमी, ऐकतात जास्त.

एरियल किती लांब हवी? ३०० ला १४५ मेगाहर्ट्‌झने भागा. लहरीची लांबी आली साधारण २.०७ मीटर. तिचा पाव भाग सुमारे ५२ सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या दप्तरातली फूटपट्टी पावणेदोन वेळा! टप कापडी, तिथे एरियल बसणार नाही. जुन्या पत्र्याला भोक पाडणं तर पापच. तेव्हा बंपरला पट्टी आवळायची. या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात, म्हणून कसारा घाटात डोंगर आडवा आला की आवाज गुडूप होतो.

भारतात बारा वर्षं पूर्ण झाली की हॅमच्या परीक्षेला बसता येतं. पास होऊन केंद्र सरकारचा परवाना मिळवायचा, मगच बोलायचं. गाडीतून बोलायचे नियमही आधी वाचायचे. आणि गाडी चालवणाऱ्याने लक्ष रस्त्यावरच ठेवायचं बरं का!

तोवर एक प्रयोग. मोठ्यांना सोबत घ्या. ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि उभ्या, सुरू असलेल्या जुन्या स्कूटरजवळ धरा. तडतड ऐकू येते? ती स्पार्क प्लगच्या ठिणगीची. वेग वाढवला की तडतडही वाढते. आता सांगा, डिझेलच्या ट्रकजवळ अशी तडतड येईल का? विचार करा, आईबाबांनाही विचारा!